देणे

प्रस्तावना



सण म्हटला की गोडधोड, नवे कपडे आणि दिव्यांची आरास या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु आपल्याकडील बहुतेक सणांना आणखी एक अंग असते, ते म्हणजे देण्याचे. रमजान ईदच्या नमाजापूर्वी फित्रा दिला जातो, तो गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून. दिवाळीत एखाद्या घरी दुःखद घटनेमुळे फराळ केला गेला नसेल, तर शेजारीपाजारी त्या घरी फराळाचे ताट पोहोचवतात. नाताळातही असेच घडते.

नाताळ हा येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव २५ डिसेंबरला साजरा होतो. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली, पण तेथील ख्रिस्ती समाज आपल्या केळीच्या वाड्या, पानवेली आणि आपली बोली यांसह तेथेच नांदत राहिला. मराठी साहित्याशीही ख्रिस्ती लेखकांचे नाते जुने आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

प्रस्तुत पाठ हा वसईच्या परिसरातील एका कुटुंबाच्या आठवणींच्या रूपाने लिहिला आहे. कुटुंब व प्रसंग कल्पित आहेत. त्यांतून उभा राहणारा प्रश्न मात्र आपल्या सर्वांचा आहे. द्यावे, हे सर्वांनाच ठाऊक असते. कसे द्यावे, हे ठाऊक असते का?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• देण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींमधील फरक सांगता येईल;
• घेणाऱ्याच्या मनाचा विचार करून प्रसंगाचे विवेचन करता येईल;
• पाठातील व्यक्तींच्या स्वभावाचे वर्णन करता येईल;
• वाक्प्रचारांचा आणि अनेकार्थी शब्दांचा वाक्यांत योग्य उपयोग करता येईल;
• स्वतःच्या अनुभवातील एखादा प्रसंग लिहिता येईल.

मूळ पाठ

(१)

आमच्या घरी फडताळावर पत्र्याचा एक जुना डबा असे. त्याच्या झाकणाला बाबांनी एक चीर पाडली होती. वर्षातले अकरा महिने हा डबा रिकामा पडून असे. आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला, की आजी तो खाली काढी, पुसून स्वच्छ करी आणि ज्या कोपऱ्यात आम्ही बाळ येशूचा गोठा मांडत असू, तेथे ठेवी. त्या दिवसापासून नाताळापर्यंत घरातील प्रत्येकाने आपल्या आवडीची एक गोष्ट सोडायची आणि तिचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे, असा नियम होता. आजी चहातली साखर सोडी. बाबा तंबाखू सोडत. धाकटा भाऊ गोट्यांचे पैसे टाकी, तर मी शाळेबाहेरच्या बोरांचे. आई काय सोडत असे, ते आम्हांला कधी कळले नाही. पण डब्यात पैसे मात्र ती रोज टाकी.

"उरलेसुरले देणे म्हणजे घर झाडणे," आजी म्हणे. "आपल्या घासातला घास काढून दिला, तर ते देणे."

नाताळाच्या आदल्या आठवड्यात बाबा डबा उघडत. पैसे कोठे जात, हे आम्हां मुलांना सांगितले जात नसे. विचारले, तर बाबा म्हणत, "जिथे जायला हवेत तिथे गेले." एवढ्यावर तो विषय संपे.

मी सहावीत होते ते वर्ष मात्र वेगळे उजाडले. ऐन पावसाळ्यात बाबा विहिरीच्या काठावरून घसरले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. पाय महिनोन्महिने प्लॅस्टरमध्ये राहिला. आमची वाडी लहान. थोडी राजेळी केळी आणि थोडी पानवेल. बाबा स्वतः राबत, पहाटेच्या गाडीने माल मुंबईला नेत, तेव्हा घर चाले. आता आई एकटी किती ठिकाणी पुरणार? पानवेल सुकली. केळीचे घड मिळेल त्या भावाने वाडीतच विकावे लागले. नाक्यावरच्या शेठच्या दुकानातील आमच्या नावाचे पान भरत चालले. डिसेंबर उजाडला तेव्हा उधारी तीनशे बारा रुपयांवर गेली होती. त्या काळी ही रक्कम आमच्यासाठी डोंगराएवढी होती.

आगमनकाळ सुरू झाला. आजीने डबा खाली काढला. आईने तिच्याकडे नुसते पाहिले. आजी म्हणाली, "रिकामा राहिला तर राहू दे. जागेवर असू दे."

(२)

नाताळाच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या मैदानावर एक कार्यक्रम झाला. बाहेरगावची काही सधन मंडळी गरजू मुलांना तांदूळ आणि कांबळी वाटणार होती. मांडव घातला होता, ध्वनिक्षेपक लावला होता. आम्ही सर्व मुले रांगेत बसलो होतो. यादी वाचायला सुरुवात झाली आणि चौथे नाव माझे निघाले. नावापुढे त्यांनी वाचले, "वडील अपंग, घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची."

मी उठले. व्यासपीठापर्यंतचे ते अंतर मी कसे चालले, ते मला आजही सांगता येत नाही. कोणीतरी माझ्या हातांत पिशवी दिली, खांद्यावर कांबळे टाकले. छायाचित्र काढणारा म्हणाला, "इकडे बघ, हस जरा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीनेही टाळ्या वाजवल्या. तिच्या मनात काही वाईट नव्हते. सांगितले म्हणून तिने वाजवल्या. पण त्या टाळ्या मला फार लागल्या.

घरी मी सरळ आले नाही. बावखलाच्या काठाने लांबचा रस्ता धरला. पिशवी तेथेच झाडाआड टाकून द्यावी, असेही मनात आले. अंगणात पोहोचले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पिशवी पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि ते दुसरीकडे बघू लागले. माझे बाबा मला त्या क्षणी एकदम म्हातारे वाटले.

"मी हा भात खाणार नाही," मी आजीला म्हणाले.

आजीने पिशवी सोडली, तांदूळ सुपात ओतले आणि ती खडे निवडू लागली. "तांदळाचा काय दोष?" ती म्हणाली. "त्या माणसांचाही नाही. त्यांना द्यावे हे कळले, कसे द्यावे ते कळले नाही. तेही शिकावे लागते. तू आज त्याचा पहिला धडा शिकलीस. विसरू नकोस म्हणजे झाले."

त्या रात्री आम्ही सर्वांनी तो भात खाल्ला.

(३)

चोवीस डिसेंबरच्या सकाळी आईने मला शेठकडे पाठवले. पावशेर साखर आणि थोडा रवा आणायचा होता. "उधारीचे शेठना सांग, बाबा उठले की फेडू," ती म्हणाली. नाताळाला निदान मुलांपुरत्या चार करंज्या व्हाव्यात, एवढीच तिची इच्छा होती.

मी दुकानात खाली मान घालून उभी राहिले. शेठनी साखर बांधली, रवा बांधला. मी आईचा निरोप सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले. लाल कापडी बांधणीची वही उघडली आणि आमचे पान माझ्यासमोर धरले. सगळ्या आकड्यांवर एक आडवी रेघ मारलेली होती. खाली लिहिले होते, 'हिशेब पुरा.'

"कोणी दिले?" मी विचारले.

"ज्याने दिले त्याने नाव सांगू नका म्हणून बजावले आहे. मी शब्द दिला आहे. आईला सांग, खाते मिटले. आता नवे सुरू करा."

घरी ही बातमी सांगितली, तेव्हा आई आधी रागावल्यासारखी झाली. मग ती चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसली. आजी नावांचा अंदाज करू लागली. बाबांनी तिला थांबवले. "ज्याला कळू द्यायचे नाही, त्याला शोधू नये," ते म्हणाले.

त्या रात्री बाबा कुबडी घेऊन आमच्याबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला आले. चर्च माणसांनी फुलून गेले होते. मराठी प्रार्थनागीते चालू होती. मी मात्र माणसांचे चेहरे पाहत होते. पुढच्या बाकावरचे मुकादम असतील का? गायकवृंदातील मावशी? की फादर स्वतः? बाहेर पडलो तेव्हा पायऱ्यांपाशी आमचे ब्राह्मण गुरुजी आणि नाक्यावरचे मुसलमान शिंपीकाका नाताळाच्या शुभेच्छा द्यायला उभे होते. यांच्यापैकीही कोणी असेल. मग मला वाटले, ज्याअर्थी कोणीही असू शकेल, त्याअर्थी सर्वांशीच नीट वागले पाहिजे. मी दिसेल त्याला हात जोडत सुटले. आई मला हसली. कित्येक महिन्यांनी ती हसली होती.

(४)

पुढच्या वर्षी बाबा चालू लागले होते आणि वाडी पुन्हा हिरवी झाली होती. आगमनकाळात डबा भरला. त्यात चौऱ्याण्णव रुपये जमले. बाबा मला बरोबर घेऊन शेठकडे गेले.

"शेठ, यंदा ज्या घरच्या माणसाला तुमची पायरी चढायला जड जात असेल, त्या घराच्या खात्यावर हे घाला," बाबा म्हणाले. "नाव आम्हांला सांगू नका. आमचेही त्यांना सांगू नका."

शेठनी मान हलवली आणि वही उघडली. बाबा पाठमोरे झाले. मी मात्र झाले नाही. शेठनी ज्या पानावर रक्कम लिहिली, त्या पानावरचे नाव मी वाचले. पलीकडच्या आळीतील एक मावशी होती ती. नवरा वारलेला, दोन मुले, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन दारोदार फिरे.

ते नाव माझ्या पोटात चार दिवसही राहिले नाही. मी ते माझ्या मैत्रिणीला सांगितले, 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घालून. तिने ते आपल्या आईला सांगितले, तीच शपथ घालून. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी मावशीला हसत हसत म्हणाले, "यंदाचा तुझा नाताळ वाडीवाल्यांनी केला म्हणे?"

संध्याकाळी मावशी आमच्या अंगणात आली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर पैसे मोजून ठेवले. "एकवीस आहेत. बाकीचे ईस्टरपर्यंत आणून देते," ती म्हणाली.

मी दाराआड उभी होते. तिची मान ताठ होती, पण पैसे मोजणारी बोटे थरथरत होती. त्या बोटांकडे पाहताना मला शाळेचे मैदान आठवले. त्या दिवशी माझ्या हातात पिशवी होती. आज ती मी दुसऱ्याच्या हातात दिली होती.

मला वाटले, आई पैसे परत करील. आईने ते उचलले, मोजले आणि म्हणाली, "बरोबर आहेत. ईस्टरपर्यंत सवडीने दे." मग तिने मावशीला पाणी दिले आणि ओट्यावर बसवले. "आता माझे एक काम कर. राजेळीचे घड तयार झाले आहेत. गेल्या वर्षी मी सुकेळी घातली, ती काळी पडली. तुझ्या हातची सुकेळी सगळ्या गावाला ठाऊक आहेत. चार दिवस येऊन मला शिकवशील? होतील त्यांतली निम्मी तुझी."

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "केळी पुरती पिकल्याशिवाय सोलतेस, म्हणून काळी पडतात."

रात्री मी आजीच्या कुशीत शिरले आणि सारे कबूल केले. "मी उद्या जाऊन मावशीची क्षमा मागू?" मी विचारले.

"क्षमा मागायला जाशील, तर झाकलेले पुन्हा उघडे करशील," आजी म्हणाली. "तुला बोलून चूक झाली. आता ती गप्प राहून फेड."

"पण आईने तिचे पैसे घेतले कशाला?"

"घेतले नसते, तर ती आयुष्यभर आपली देणेकरी राहिली असती. आता ती आपली शेजारीण आहे."

मावशीने ईस्टरपर्यंत सगळे पैसे फेडले. आईने ते त्या डब्यात टाकले. पहिल्यांदाच तो वर्षभर रिकामा राहिला नाही. त्या वर्षीच्या नाताळाला आमच्या दारी पहिले ताट आले ते मावशीकडून. केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली सुकेळी होती ती, मधासारखी. आईने ताट रिकामे परत पाठवले नाही. त्यात करंज्या घालून दिल्या.

आता शेठ नाहीत. नाक्यावरचे दुकान पाडून तेथे इमारत उभी राहिली आहे. आमचे खाते कोणी मिटवले, ते शेठ आपल्याबरोबर घेऊन गेले. माझी मुले मला विचारतात, "आई, तुला कधी कळावेसे वाटले नाही?" लहानपणी वाटे. आता वाटत नाही. नाव कळले असते, तर मी एका माणसाचे उपकार मानले असते आणि बाकीच्यांना विसरले असते. नाव कळले नाही, म्हणून आजही गावात कोणी भेटले, की मला वाटते, कदाचित हेच ते घर.

डबा माझ्याकडे आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी तो खाली काढते.

शब्दार्थ

आगमनकाळ : नाताळापूर्वीचा सुमारे चार आठवड्यांचा तयारीचा काळ
गोठा : येशूच्या जन्माचा देखावा
वाडी : केळी, पानवेल इत्यादींची बाग
फडताळ : भिंतीतील किंवा लाकडी कपाट
हलाखी : गरिबी, दैन्य
बावखल : वसई परिसरातील पाण्याचे लहान तळे
मिस्सा : चर्चमधील मुख्य उपासना, ख्रिस्तयाग
राजेळी : केळीची एक जात
सुकेळी : उन्हात वाळवून टिकवलेली राजेळी केळी
देणेकरी : ज्याच्यावर कर्ज आहे असा

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.

१. आजीच्या मते खरे देणे कोणते?
(अ) घरातील जुन्या वस्तूंचे (आ) आपल्या घासातून काढलेले (इ) सर्वांसमोर केलेले

२. शेठनी दात्याचे नाव सांगितले नाही, कारण :
(अ) ते त्यांना ठाऊक नव्हते (आ) ते विसरले होते (इ) त्यांनी शब्द दिला होता

३. 'चूक गप्प राहून फेड' असे कोण म्हणाले?
(अ) आई (आ) आजी (इ) मावशी

चला, समजून घेऊ या

या पाठात देण्याचे तीन प्रसंग आहेत. तिन्ही ठिकाणी देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तरीही त्यांचे परिणाम सारखे नाहीत. असे का झाले, ते पाहू.

पहिला प्रसंग शाळेच्या मैदानावरचा. तेथे तांदूळ आणि कांबळे दिले गेले. परंतु त्या बदल्यात, कोणाच्याही लक्षात न येता, मुलीकडून काहीतरी काढून घेतले गेले. तिच्या घराची अडचण सर्वांसमोर वाचली गेली. देणाऱ्यांनी गरज नेमकी ओळखली, माणूस मात्र ओळखला नाही. लेखिकेने येथे कोणालाही दुष्ट ठरवलेले नाही, हे ध्यानात घ्या. 'तांदळाचा काय दोष?' या आजीच्या प्रश्नात देणाऱ्यांविषयी राग नाही आणि अन्नाचा अनादरही नाही.

दुसरा प्रसंग दुकानातील वहीचा. येथे देणारा अज्ञात आहे. त्यामुळे घेणाऱ्याला कोणापुढेही मान खाली घालावी लागत नाही. दान गुप्तपणे करावे, असा उपदेश बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी व योग्य काळी दिलेले दान सात्त्विक, असे भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात म्हटले आहे. चौथ्या शतकात मायरा (आजच्या तुर्कस्तानातील गाव) येथे होऊन गेलेले बिशप संत निकोलस यांच्याविषयी अशी कथा सांगतात, की एका गरीब पित्याच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. पुढे याच संतावरून नाताळबाबाची कल्पना रूढ झाली. नाताळबाबा रात्री, कोणी पाहत नसताना येतो, यामागेही देणाऱ्याने दिसू नये हाच अर्थ आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे. बाबांनी गुप्तदानाचा नियम पाळला. मुलीच्या एका वाक्याने तो मोडला. ती वाईट मुलगी नाही. एक वर्षापूर्वी ज्या वेदनेतून ती गेली, तीच वेदना ती नकळत दुसऱ्याला देते. दुःख भोगले म्हणून माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे लेखिका स्वतःच्या उदाहरणाने सांगते. हा प्रांजळपणा या पाठाचे बळ आहे.

येथे आईची वागणूक बारकाईने पाहा. ती मावशीचे पैसे नाकारत नाही. पैसे नाकारणे वरवर उदारपणाचे दिसले असते. परंतु त्यामुळे मावशीची परतफेड करण्याची संधी हिरावली गेली असती. मग आई मावशीकडे काहीतरी मागते, तिच्या हातचे कौशल्य. ज्याला देता येते, त्याला मागताही आले पाहिजे. दोन्ही बाजूंनी देणेघेणे होऊ लागले, की दाता आणि याचक उरत नाहीत, शेजारी उरतात. शेवटी ताटांची झालेली अदलाबदल हेच सुचवते.

आता शीर्षकाकडे पाहू. मराठीत 'देणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'देण्याची क्रिया' हा एक, आणि 'फेडायचे असलेले ऋण' हा दुसरा. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो', असे आपण म्हणतो. लेखिकेच्या कुटुंबाला एका अज्ञात माणसाने दिले. ते देणे फेडायला तो माणूस सापडत नाही, म्हणून हे कुटुंब ते दुसऱ्या कोणाला तरी देत राहते. पाठात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. मुलीला टाळ्या का लागल्या?
२. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर मुलगी दिसेल त्याला हात का जोडू लागली?
३. आईने मावशीला कोणते काम सांगितले?

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्प्रचारांचे अर्थ समजून घ्या.

• पोटात न राहणे : गुपित सांभाळता न येणे. *त्याच्या पोटात कोणतीच गोष्ट राहत नाही.*
• शब्द देणे : वचन देणे. *शब्द दिला, तर तो पाळला पाहिजे.*
• या हाताचे त्या हाताला कळू न देणे : अत्यंत गुप्तपणे करणे. *काकांनी अनेकांना शिकवले, पण या हाताचे त्या हाताला कळू दिले नाही.*

(आ) अर्थच्छटा पाहा.

दान, देणगी, भेट, मदत, भीक हे सर्व शब्द देण्याशी निगडित आहेत, पण त्यांचे अर्थ सारखे नाहीत. 'दान' या शब्दात पुण्याची भावना आहे. 'देणगी' बहुधा संस्थेला दिली जाते. 'भेट' बरोबरीच्या नात्यात दिली जाते. 'मदत' अडचणीच्या वेळी केली जाते. 'भीक' या शब्दात घेणाऱ्याचा कमीपणा आहे. वस्तू तीच असली, तरी देण्याच्या रीतीप्रमाणे तिचे नाव बदलते.

(इ) शब्दांचा प्रवास.

नाताळ, पाद्री, पाव, चावी, बटाटा, काजू हे शब्द पोर्तुगीजांतून मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले. तुम्ही राहता त्या राज्याच्या भाषेतही असे शब्द आहेत का, ते शोधा.

तुम्ही काय शिकलात

• देण्यात वस्तूइतकीच रीत महत्त्वाची असते.
• घेणाऱ्याचा मान राखणे हा देण्याचाच भाग आहे.
• दुसऱ्याची अडचण कळली, तर ती आपल्यापाशीच ठेवावी.
• ज्याला आपण देतो, त्याच्याकडून घेण्याचीही तयारी असावी.

स्वाध्याय

१. डब्याविषयीचा घरातील नियम तुमच्या शब्दांत सांगा.
२. शाळेतील वाटप आणि शेठच्या वहीतील मिटलेले खाते या दोन प्रसंगांची तुलना करा.
३. आजीचे स्वभावचित्र आठ-दहा ओळींत रेखाटा.
४. 'आईने मावशीचे पैसे घ्यायला नको होते.' या मताशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
५. 'देणे' या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.
६. गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके द्यायची आहेत. त्यांचा मान राखला जाईल अशा रीतीने हे काम कसे कराल, याची योजना लिहा.
७. तुम्हांला कोणी अडचणीत मदत केली असेल, तर तो प्रसंग पंधरा ओळींत लिहा. देणाऱ्याच्या रीतीविषयी तुम्हांला काय वाटले, तेही लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. (आ)  २. (इ)  ३. (आ)

प्रश्न २ :
१. घरची हलाखी सर्वांसमोर वाचून दाखवल्यानंतर वर्गातील मुलांनीच त्या टाळ्या वाजवल्या, म्हणून.
२. खाते मिटवणारा गावातील कोणीही असू शकेल, म्हणून सर्वांशीच नीट वागले पाहिजे, असे तिला वाटले.
३. आपल्याला सुकेळी करायला शिकवण्याचे काम आईने मावशीला सांगितले.